चिपर काडी ओढत नाही? कार्बोरेटर खोलण्याआधी ढलपी बघा

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ पट्ट्यातल्या द्राक्षबागांत चिपरला, म्हणजे छाटलेल्या काड्यांची ढलपी करणाऱ्या मशीनला, वर्षातून दोनदाच खरे काम पडते. एकदा एप्रिलच्या खरड छाटणीला आणि एकदा ऑक्टोबरच्या फळछाटणीला. मधले महिने तो शेडच्या कोपऱ्यात उभा असतो, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. मग हंगामाच्या पहिल्या दिवशी तक्रार येते, "इंजिन दम टाकतंय, काडी ओढत नाही." त्यावरचा इलाजही ठरलेला असतो, तो म्हणजे कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) खोलणे.

घोळ इथेच होतो. बऱ्याचदा इंजिन धडधाकट असते आणि पाती बोथट झालेली असतात. बोथट पाते फांदी कापत नाही, कुटते. कुटायला ताकद जास्त लागते, म्हणून आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे) पडतो. आरपीएम पडला की पाते फांदी आत ओढत नाही, आणि बाहेरून बघणाऱ्याला वाटते की इंजिनच कमजोर आहे. त्यामुळे तपासणीचा क्रम पाती, पात्यांमधली फट, पट्टा आणि शेवटी इंजिन असाच ठेवा. सेकंडहँड मशीन घ्यायला गेलात तरी याच क्रमाने बघा. विकणारा इंजिन चालू करून आवाज ऐकवतो, पाती मात्र स्वतःहून कोणी दाखवत नाही.

पुढची माहिती मुख्यतः साडेसहा ते तेरा एचपीच्या, एका सिलिंडरच्या पेट्रोल इंजिनावर चालणाऱ्या चिपरची आहे. ट्रॅक्टरच्या पीटीओवरच्या (मागच्या फिरत्या शाफ्टवर चालणाऱ्या) आणि डिझेल मशीनचे वेगळे मुद्दे शेवटाकडे दिले आहेत.

हात घालण्याआधी

इंजिन बंद झाले म्हणजे चिपर थांबला असे होत नाही. आतली पाती बसवलेली डिस्क किंवा ड्रम जड असतो आणि स्विच बंद केल्यावरही बराच वेळ गुपचूप फिरत राहतो. तो पूर्ण थांबल्याचे डोळ्यांनी बघा. मग स्पार्क प्लगची टोपी काढून प्लगपासून लांब बांधून ठेवा. त्यानंतरच झाकण उघडा आणि डिस्कमध्ये लाकडी पाचर अडकवा. पाचर लागतेच, कारण एक पाते काढले की डिस्कचा तोल जातो आणि जड बाजू आपोआप खाली येते. त्या वेळी बोट मध्ये असेल तर इंजिन बंद असूनही कापले जाते.

चालू मशीनच्या तोंडात काडी ढकलायची तर दुसऱ्या लाकडानेच ढकला. पहारीने, हाताने किंवा पायाने कधीच नाही. अंगावर उपरणे, ओढणी, सैल बाह्या, कडे नको. मनगटाशी सैल असलेले हातमोजेही नकोत, ते फाट्यात अडकतात आणि हात ओढला जातो. डोळ्यांवर चष्मा हवाच.

ढलपी काय सांगते

हिरवी, सरळ, अंगठ्याएवढ्या जाडीची सुबाभळीची किंवा कडुनिंबाची फांदी घाला आणि बाहेर पडलेली मूठभर ढलपी तळहातावर घ्या. पाती बरी असतील तर तुकडे साधारण सारख्या मापाचे आणि स्वच्छ कडांचे असतात. कडा पिंजल्यासारख्या, सालीच्या शेपट्या लोंबणाऱ्या असतील तर पाती बोथट आहेत. तुकडा नीट कापलेला, पण मध्येच लांबलचक चिरफळ्या येत असतील तर फिरते पाते आणि खालचे न फिरणारे पाते यांत फट जास्त झाली आहे. भुशासारखा बारीक चुरा येत असेल तर माल बाहेर न पडता आतच पुन्हा पुन्हा कुटला जातोय, तेव्हा बाहेर टाकणारा नळा बघा.

फांदी आत ओढली न जाता उलट हाताकडे धक्का मारते का? तर आधीच्या मालकाने पाते उलटे बसवले असण्याची शक्यता आहे. जुन्या मशीनमध्ये हे घडते. पात्याची तिरपी बाजू कुठे तोंड करून आहे ते मशीनच्या पुस्तिकेतल्या चित्राशी ताडून बघा.

पाती

धार तपासायला बोट लावू नका. मोबाईलचा टॉर्च धारेच्या समोरून मारा. धारदार कड उजेडात दिसतच नाही. बोथट कड पांढऱ्या रेघेसारखी चमकते आणि जिथे खाच पडली असेल तिथे ठिपका चमकतो. रेघ दिसली की धार लावायची वेळ झाली.

पाते काढण्याआधी पंचने पात्यावर आणि डिस्कवर जुळणाऱ्या खुणा करा, एक टिंब, दोन टिंबे अशा. डिंक, साल आणि गंज डिझेलमध्ये भिजवून पितळी ब्रशने काढा. पात्याला दोन्ही बाजूंना धार असेल तर दुसरी बाजू वापरायची राहिली आहे का ते बघा. राहिली असेल तर नुसते पाते फिरवून काम भागते. मात्र सेकंडहँड मशीनमध्ये दोन्ही बाजू संपलेल्या असतात असेच गृहीत धरलेले बरे.

धार लावताना मूळ कोन सोडू नका. तो बहुतेक मशीनमध्ये ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असतो. पात्याच्या न झिजलेल्या टोकाजवळ पुठ्ठ्याचा तुकडा धरून कोनाचे माप कापून घ्या आणि ते वर्कशॉपमध्ये द्या. धार फक्त तिरप्या बाजूने लावायची, सपाट बाजूला हात लावायचा नाही. हातात धरून बेंच ग्राइंडरवर घासण्यापेक्षा कुपवाड, मिरज किंवा साताऱ्याच्या एमआयडीसीत सरफेस ग्राइंडर असलेले वर्कशॉप गाठा. हाताने घासलेली कड लाटेसारखी होते आणि पाते तापते. कडेवर निळसर झाक आली की तिथले पाणी उतरले असे समजा. तो भाग पहिल्याच दिवशी मऊ पडून वाकतो.

सगळी पाती एकाच वेळी, सारखीच घासून घ्या. नंतर भाजीच्या डिजिटल काट्यावर वजन करा आणि फरक पाच ग्रॅमच्या आत आणा. वजनातला फरक डिस्क जोरात फिरताना बेअरिंगवर आदळतो. चिपर थरथरत जागेवरून सरकायला लागला की बेअरिंगला दोष देण्याआधी पात्यांचे वजन करा.

बसवताना पात्याखालची जागा कोरडी आणि स्वच्छ हवी. सालीचा एक कपटा खाली राहिला तरी पाते तिरपे बसते. बोल्टच्या डोक्यावरचा ८.८ किंवा १०.९ हा आकडा बघून त्याच ग्रेडचा बोल्ट घ्या. खुणा नसलेला साधा बोल्ट इथे चालत नाही. नायलॉनचे नट दर वेळी नवे. पुस्तिका हाताशी नसेल तर ८.८ ग्रेडच्या एम-१० बोल्टला साधारण ४५ ते ५० न्यूटन-मीटर आणि एम-१२ ला ८० च्या आसपास टॉर्क द्या. पहिल्या तासाभराच्या कामानंतर पुन्हा एकदा तपासा.

फट मोजायला जुने एटीएम कार्ड

फिरते आणि खालचे पाते यांतली फट बहुतेक छोट्या चिपरमध्ये पाऊण ते दीड मिलिमीटर असते. फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) असेल तर उत्तम. नसेल तर मुदत संपलेले एटीएम कार्ड घ्या, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. डिस्क हाताने हळू फिरवून पाते खालच्या पात्यासमोर आणा. एक कार्ड किंचित घासत सरकले पाहिजे, दोन एकत्र सरकता कामा नयेत. ही तपासणी प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना करा. एका टोकाला कार्ड अडकते आणि दुसऱ्या टोकाला सैल जाते, असे झाले तर खालचे पाते तिरपे बसले आहे.

खालच्या पात्याची कड गोल झाली असेल तर फट कितीही कमी करा, बारीक काडी वाकून मधून निसटते. हे पाते बऱ्याच मशीनमध्ये पालटून बसवता येते. फट लावून झाल्यावर डिस्क हाताने पूर्ण दोन वेळा फिरवा. कुठेही धातूवर धातूचा आवाज आला तर इंजिन चालू करू नका.

द्राक्षबागेत पात्यांचा खरा शत्रू लाकूड नसते. मांडवाच्या गॅल्व्हनाइज्ड तारेचा वीतभर तुकडा, ओलांड्याला बांधलेली प्लास्टिकची पट्टी, सुतळीची गाठ आणि सर्वांत वाईट म्हणजे माती. तारेने खाच पडते ती निदान डोळ्यांना दिसते, मातीने मात्र धार नकळत जाते. दाताळ्याने जमिनीवरून ओढून गोळा केलेल्या काड्या घातल्या तर सकाळची धार दुपारपर्यंत टिकत नाही. काड्या ताडपत्रीवर गोळा करा. जुनी बाग काढताना खोडाचा मातीतला भाग आणि मुळ्या चिपरमध्ये घालूच नका.

धार आहे, फट बरोबर आहे, तरी ओढत नाही

पूर्ण रेस द्या, डिस्क वेग घेईपर्यंत थांबा, मगच माल घाला. अर्ध्या रेसवर घातलेली पहिली फांदीच मशीन बसवते.

द्राक्षाच्या काड्या बारीक आणि लवचिक असतात. एकेक घातली तर उडते. आठ-दहा काड्यांची मूठ करून जाड बुंध्याकडून घाला. छाटणीनंतर दोन-तीन दिवसांत काडी हिरवी असतानाच काम उरका. महिनाभर वाळलेली काडी कडक होते, धार लवकर खाते आणि धूळही फार करते. नुसता ओला पाला सलग घातला तर नळ्याच्या वळणावर लगदा बसतो, त्यामुळे मध्ये मध्ये एखादी कोरडी फांदी जाऊ द्या. उसाचे पाचट, केळीचे खुंट आणि नारळाच्या झावळ्या या मशीनमध्ये नकोत. त्यांचे तंतू शाफ्टला दोरीसारखे गुंडाळतात आणि बेअरिंगच्या सीलमध्ये शिरतात. पाचटासाठी वेगळे कुट्टी मशीन मिळते.

रोलरने ओढणाऱ्या मशीनमध्ये रोलरच्या दातांत बसलेला डिंक खरवडा, रोलर दाबणाऱ्या दोन्ही स्प्रिंगांचा ताण सारखा करा आणि साखळी सैल आहे का ते बघा. हायड्रॉलिक रोलर थांबत थांबत फिरत असेल तर तेलाची पातळी तपासा. तेलात फेस दिसला तर पंप कुठूनतरी हवा ओढतोय.

माल आत जातोय पण बाहेर पडत नाही, असे झाले तर नळा काढून आत टॉर्च मारा. डिस्कच्या पाठीवर माल फेकणारे पंखे असतात. ते वाकले किंवा झिजले की ढलपी फेकली जात नाही, आतच घुमते.

पट्टा आणि बेअरिंग

माल घातला की इंजिनाचा आवाज तसाच राहतो, पण डिस्क मंदावते आणि जळक्या रबराचा वास येतो. हा पट्टा घसरतोय. दोन पुल्यांच्या मधोमध अंगठ्याने दाबून बघा. हातभर अंतरावर पट्टा दहा-बारा मिलिमीटर दबला तर ताण ठीक आहे. पट्ट्याच्या कडा चकचकीत काचेसारख्या झाल्या असतील तर नुसता ताण देऊन उपयोग नाही, पट्टा बदलावा लागतो. त्यावर पुसट छापलेला नंबर वाचून घ्या. 'ए' पट्टा वरून १३ मिलिमीटर रुंद असतो, 'बी' १७ मिलिमीटर. दोन पट्टे असतील तर दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीचे बदला. एक जुना एक नवा ठेवला तर सगळा भार नव्यावर येतो. पट्ट्यावर तेल किंवा ग्रीस उडत असेल तर त्याचा उगम आधी शोधा.

पाऊण तासाच्या कामानंतर मशीन थांबवून बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. दोन-तीन सेकंदही हात टिकत नसेल तर ते जास्त तापतेय. ग्रीसगनचे दोन हलके पंप पुरेत, ठासून भरले तर सील फुटते. बदलायचे झाले तर नंबरातच शाफ्टचे माप असते. शेवटच्या दोन आकड्यांना पाचने गुणा. यूसीपी २०८ म्हणजे ४० मिलिमीटरचा शाफ्ट, २०७ म्हणजे ३५.

आता इंजिन

पट्टा सैल करून किंवा क्लच सोडून इंजिन मोकळे चालवता आले तर तसे करा. मोकळे इंजिन पूर्ण रेसला एकसारखे चालत असेल तर बहुधा दोष त्याचा नाही, मागे जाऊन पाती पुन्हा बघा.

सुरूच होत नसेल तर आधी सोप्या गोष्टी तपासा. स्विच, पेट्रोल कॉक आणि ऑइल. बऱ्याच इंजिनांत ऑइल कमी असले की सेन्सर ठिणगीच बंद करतो. मशीन बांधावर तिरपे उभे असेल तर ऑइल पुरेसे असूनही असे होते, म्हणून आधी सपाट जागी आणा. होंडाच्या जीएक्स २०० ला सुमारे ०.६ लिटर आणि जीएक्स ३९० ला १.१ लिटर ऑइल लागते, बाजारातल्या त्याच धाटणीच्या इंजिनांना साधारण तेवढेच. ऑइल मोजताना पट्टी आटे न फिरवता नुसती आत टेकवायची.

मग प्लग काढा. प्लग ओला असेल तर पेट्रोल येतेय पण पेटत नाही. कोरडा असेल तर पेट्रोलच येत नाही. काळा आणि मऊ काजळीचा असेल तर एअर फिल्टर बुजला आहे किंवा चोक अडकला आहे. प्लगच्या टोकाची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवा. चिपरच्या धुळीत फिल्टरचा फोम रोज संध्याकाळी झटका, साबणाच्या पाण्याने धुवायचा असेल तर पूर्ण वाळवूनच बसवा.

प्लग कोरडा निघाला, म्हणजे आता कार्बोरेटरची पाळी. महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या मशीनचा हा नेहमीचा रोग. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि आपल्या सांगली-सातारा जिल्ह्यांत ते मुख्यतः उसापासून बनते, हे सांगायला नकोच. इथेनॉल हवेतले पाणी ओढते आणि ते तळाशी साचते. वर पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर राहतो.

१. कॉक बंद करा. कार्बोरेटरच्या वाटीखाली बाटली धरा आणि खालचा स्क्रू सोडा. आलेले पेट्रोल काचेच्या बाटलीत उजेडात बघा. तळाशी वेगळा थेंब लोळताना दिसला तर ते पाणी आहे. टाकीही रिकामी करा.

२. वाटीचा तळाचा बोल्ट काढा, बहुधा १० चा पाना लागतो. वाटीचे रबर रिंग ताणू नका, पेट्रोलने फुगलेले असेल तर नवे आणा.

३. मधल्या खांबातला मेन जेट बरोबर मापाच्या स्क्रूड्रायव्हरने काढा आणि उजेडासमोर धरा. गोल, स्वच्छ भोक दिसायला हवे. दिसत नसेल तर कार्बोरेटर क्लीनरमध्ये भिजवा आणि वायरमधल्या तांब्याच्या एका तारेने मोकळे करा. सुई किंवा स्टीलची तार घालू नका, भोक मोठे झाले की इंजिन कायम जास्त पेट्रोल पिते.

४. जेटच्या वरची भोकाभोकांची नळी आणि वरचा छोटा पायलट जेटही तसाच साफ करा. नवशिक्यांकडून पायलट जेट हमखास राहतो आणि मग इंजिन रेस वरखाली करत राहते.

५. जोडताना दोन्ही बाजूंची गॅस्केट फाटलेली नाहीत ना ते बघा. फटीतून जास्तीची हवा आत गेली तरी रेस अशीच डोलते.

इंजिन छान सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडते, थोडे थांबले की पुन्हा चालते, असे असेल तर टाकीचे झाकण सैल करून चालवून बघा. तसे चालले तर झाकणाचे हवेचे भोक बुजले आहे. तरीही बंद पडत असेल तर गरम असतानाच ठिणगी तपासा. तापल्यावर दगा देणारी कॉइल थंड झाल्यावर नीट काम करते.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा पेट्रोल जास्त. निळा धूर म्हणजे ऑइल जळतेय, पण आधी ऑइल जास्त भरले नाही ना ते बघा. रिंगा बदलायचा खर्च त्यानंतर. दोरी ओढताना काहीच अडत नसेल तर कॉम्प्रेशन गेले आहे, व्हॉल्व्हची फट तपासा. होंडा जीएक्सच्या धाटणीच्या इंजिनांत ती थंड असताना इनटेकला ०.१५ आणि एक्झॉस्टला ०.२० मिलिमीटर असते. मोठा लाकडी ठोकळा अडकून डिस्क धाडकन थांबली आणि त्यानंतर इंजिन उलटा झटका मारू लागले, तर फ्लायव्हीलची चावी (फ्लायव्हील शाफ्टवर जागेवर धरणारा छोटा तुकडा) कापली गेली असावी. थेट जोडलेल्या मशीनमध्ये हे जास्त होते.

ताकद वाढवायला गव्हर्नरची (इंजिनाचा वेग ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) स्प्रिंग ओढून रेस वाढवू नका. ही इंजिने भारावर ३६०० आरपीएमसाठी बनलेली असतात आणि डिस्कही त्याच हिशेबाने. जास्त वेगाने डिस्क किंवा पाते सुटले तर झाकण त्याला अडवू शकत नाही.

महाबळेश्वर, पाटणच्या डोंगरात काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दर ३०० मीटर चढाईला इंजिनाची ताकद साधारण साडेतीन टक्के घटते. सुमारे १,३५० मीटरवरच्या महाबळेश्वरात समुद्रसपाटीच्या मानाने पंधराएक टक्के कमीच मिळणार. तिथे जाड फांदी हळू घाला, कार्बोरेटरला दोष देऊ नका.

ट्रॅक्टर आणि डिझेल

पीटीओच्या चिपरला बहुधा ५४० आरपीएम लागतात. ट्रॅक्टरच्या डायलवर ५४० ची खूण ज्या रेसला असते तीच धरा. शाफ्टवरचे प्लास्टिकचे कव्हर तुटले असेल तर बदलल्याशिवाय काम करू नका. तपासणीआधी पीटीओ सोडा, ट्रॅक्टर बंद करा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवा.

डिझेल इंजिन टाकी रिकामी होऊन बंद पडले की एअर धरते, म्हणजे डिझेलच्या नळीत हवा अडकते. डिझेल भरा, फिल्टरवरचा एअरचा स्क्रू सैल करा, बुडबुडे थांबून सलग डिझेल येईपर्यंत वाहू द्या आणि मग आवळा. त्यानंतर पंपाकडच्या नळीतलीही हवा तशीच काढा.

हंगाम संपल्यावर

टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवा आणि कार्बोरेटरच्या वाटीतले उरलेले पेट्रोल खालच्या स्क्रूने काढा. प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घाला, दोरी दोन-तीनदा हळू ओढा आणि प्लग बसवा. पात्यांना ग्रीसचा पातळ हात द्या. पट्टा सैल करून ठेवा, नाहीतर तो एकाच आकारात बसून राहतो. उंदीर नळ्यात घरटे करतात, त्याच्या तोंडाला जाळी बांधा. आणि गार्डच्या आतल्या बाजूला ऑइल पेंटने चार गोष्टी लिहून ठेवा: पट्ट्याचा नंबर, बेअरिंगचा नंबर, प्लगचा नंबर आणि पात्यांना शेवटची धार लावल्याची तारीख.